सडा, पऱ्या आणि दोन खिळे : एका हिस्सेवाटपाच्या मोजणीची पद्धत कशी ठरली

फेब्रुवारी २०२४. राजापूर तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. तीन भावांची जमीन, आता तीन घरं, त्यातली दोन मुंबईकडे. कागदावर हिस्से पडलेले, जागेवर वाटप कधीच नाही. ज्याची जिथे वहिवाट, ती त्याची जमीन. "गणपतीला सगळे येतात, पण तेव्हा पाऊस. शिमग्याला येतायत, तेवढ्यात मोजून द्या," असं अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे गावात राहिलेले थोरले, वय बहात्तर.

मी खासगी सर्व्हेअर. माझ्या नकाशावर कुणाची हद्द कायम होत नाही. ते काम भूमी अभिलेखच्या भूकरमापकाचं, आणि कामाला येते ती त्यांची 'क' प्रत, म्हणजे त्यांच्या मोजणीचा नकाशा. हे मी पहिल्याच फोनवर सांगून टाकतो, कारण नंतर सांगितलं की भांडण माझ्याशी होतं. या घरालाही तसंच सांगितलं. आपसात वाटप ठरवायला नकाशा मी देईन, त्यावर तिघांच्या सह्या झाल्या की पोटहिस्सा मोजणीचा अर्ज करा. माझ्यानंतर सरकारी माणूस रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणारं हातातलं यंत्र, घेऊन त्याच जमिनीवर उभा राहणार, ही गोष्ट पद्धत ठरवताना सगळ्यात मोठी ठरली.

भांडणाची ठिणगी आधीच पडलेली होती. डोंबिवलीच्या पुतण्याने दिवाळीत मोबाइलवर एक ॲप घेऊन आपल्या वाट्याच्या तुकड्याला फेरी मारली आणि क्षेत्र नऊ आर कमी भरलं. घरच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट गेला, पुढे काय झालं ते सांगायला नको. मी त्याला फोनवर हिशोब सांगितला. मोबाइलचं स्थान मोकळ्या आकाशाखाली तीन-चार मीटर इकडेतिकडे असतं. हेक्टरभराच्या चौकोनाचा प्रत्येक कोपरा तीन-तीन मीटर हलला, तर क्षेत्र सहज चार-पाच आर कमीजास्त होतं, आणि झाडाखाली त्याच्या दुप्पट. म्हणजे तुझे नऊ आर कुणी खाल्लेले नाहीत, ते मोजलेच गेलेले नाहीत. तो म्हणाला, "काका, पण ई-पीक पाहणी मोबाइलवरच होते ना?" होते. पीक कुठल्या शेतात उभं आहे हे सांगायला तीन मीटर चालतात. गडगा, म्हणजे दगडी बांध, कुणाचा हे सांगायला चालत नाहीत.

यंत्राशिवायची फेरी

पहिल्या दिवशी मी यंत्र नेतच नाही. मोबाइल, होकायंत्र आणि टिपणाची, म्हणजे जुन्या मोजणीच्या कागदाची, नक्कल, बस्स.

जमीन सरळ दोन तुकड्यांत पडते. वर सडा, जांभ्याचा काळा कातळ, झाड नावाला नाही, कडेने कंबरभर उंचीचा गडगा. सातबाऱ्यावर सड्याचं क्षेत्र ४ हेक्टर ५२ आर. खाली उतार, काजूची लागवड, आणि त्याच्याखाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने माड-पोफळीचं आगर आणि रायवळ आंब्याची जुनी झाडं. पूर्वी सड्यावर लोक गवत कापायला जायचे, हद्द विचारतो कोण. आता शेजारच्या नंबरात चिरेखाण सुरू झाली आहे, त्यामुळे कातळाला भाव आला आणि हातभर जागेलाही.

सड्यावर मोबाइलला फोर-जीच्या दोन रेघा, त्याही पश्चिमेच्या टोकाला. उतार अर्धा उतरलो की एक, आगरात काही नाही. आकाशाचंही तसंच. वर क्षितिजापासून क्षितिजापर्यंत मोकळं, जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू मिळून तीसेक उपग्रह सहज दिसावेत. खाली आंब्याच्या फांद्यांतून रुमालाएवढं आकाश. एकाच पद्धतीने हे काम होणार नाही, हे तिथेच कळलं.

टिपणही तिथेच बसून वाचलं. आपल्याकडची जुनी मोजणी शंकू-साखळीची. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा, म्हणून तो १०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. एक आणा म्हणजे दोन फुटांहून जरासा जास्त, सुमारे ६३ सेंटीमीटर. मोजणाऱ्याने कसोशीने अर्धा आणा वाचला असं धरलं तरी एक फूट. उतारावर साखळी आडवी ताणताना झोल पडला असेल तो वेगळाच. माझ्याकडचं यंत्र सेंटीमीटर सांगतं आणि ज्या कागदाशी ते जुळवायचं तो कागद आण्यांत बोलतो. मग सेंटीमीटरची गरज काय, असा प्रश्न अण्णांनीही विचारला. गरज आहे, पण जुनी हद्द शोधण्यासाठी नाही. आज ठरलेली हद्द उद्या दुसऱ्या कुणालाही जशीच्या तशी सापडावी, यासाठी आहे.

काय काय शक्य होतं

सगळ्यात सोपा रस्ता कॉर्सचा. सर्व्हे ऑफ इंडिया आणि भूमी अभिलेख यांनी राज्यात सत्तरहून जास्त ठिकाणी कायम चालू राहणारी संदर्भ-स्टेशनं बसवली आहेत. रोव्हरमध्ये सिम घालायचं, लॉगिन करायचं, इंटरनेटवरून दुरुस्त्या येतात आणि मिनिटाभरात फिक्स, म्हणजे सेंटीमीटरपर्यंतची जागा, मिळतो. बेस, म्हणजे एका जागी स्थिर ठेवलेलं आपलं दुसरं यंत्र, लावायला नको, बॅटऱ्या वाहायला नकोत, एक माणूस पुरे. सरकारी भूकरमापकही हल्ली हेच वापरतो, त्यामुळे आकडे आपोआप त्याच चौकटीत. सपाटीवरच्या तालुक्यात, टॉवर समोर दिसत असताना, मी दुसरं काही करतच नाही.

इथे अडचणी दोन. एक नेटची, ती सांगितली. दुसरी आकाशाची. जवळचं स्टेशन चाळीसेक किलोमीटरवर, आणि तेवढ्या अंतरात आयनोस्फिअर, म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलला उशीर करणारा हवेचा वरचा थर, दोन्हीकडे सारखं राहील याचा भरवसा नाही. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ, शिवाय २०२४ म्हणजे सूर्यावरच्या डागांच्या चक्राचा भर, आणि मार्च म्हणजे विषुवदिनाचा महिना. पुस्तकात हे तिन्ही वेगवेगळ्या पानांवर असतात, सड्यावर एकाच संध्याकाळी भेटतात. तपासायला म्हणून मी एकच खूण दिवसभरात सहा वेळा कॉर्सवरून मोजली. सकाळच्या तिन्ही वेळा दोन सेंटीमीटरच्या आत जमल्या. दुपारी एक ते तीनमध्ये फिक्सला दोन-तीन मिनिटं लागली आणि आडव्यात चार-पाच सेंटीमीटर फरक आला. संध्याकाळी साडेसातला फिक्स आलाच नाही. उपग्रह पडद्यावर दिसतायत, सिग्नलची पट्टी वरखाली नाचतेय, आणि मी आणि मदतीचा पोरगा, दोघं डास मारत उभे.

दुसरा रस्ता स्वतःचा बेस आणि रोव्हर. बेस सड्यावर, रोव्हर पाच-सहाशे मीटरच्या आत, मध्ये रेडिओ. दोघांच्या डोक्यावरची हवा जवळजवळ एकच, त्यामुळे आयनोस्फिअरची कटकट बहुतेक वजा होते. पण बेसला स्वतःची जागा कुणीतरी सांगावी लागते. त्याला जे सांगाल तेच तो जगाला सांगतो.

तिसरा स्टॅटिक. यंत्र एका खुणेवर काही तास नुसतं उभं ठेवायचं, नोंदी घरी नेऊन कॉर्सच्या नोंदींबरोबर सोडवायच्या. कामाला सगळ्यात संथ, पण चाळीस किलोमीटरवरही सेंटीमीटरभर खात्री देतो. शेकडो बिंदूंसाठी वेडेपणा, दोन बिंदूंसाठी उत्तम. पीपीके हा त्याचाच चालता भाऊ, नोंदी रोव्हरमध्ये साठवायच्या आणि रात्री सोडवायच्या. रेडिओ तुटला तर उपयोगी म्हणून तो मागे चालू ठेवला. पण फिक्स मिळाला की नाही हे रात्री कळतं, आणि नसला मिळाला तर त्या खुणेसाठी परत आगरात उतरावं लागतं, म्हणून त्यावर विसंबलो नाही.

झाडांखाली मात्र उपग्रहाची कुठलीच पद्धत नाही. तिथे टोटल स्टेशन, म्हणजे नजरेच्या रेषेत कोन आणि अंतर मोजणारं यंत्र. काही तरुण सर्व्हेअर हे ऐकून नाक मुरडतात, त्यांच्यासाठी पुढचा भाग.

आंब्याखालचा फिक्स

सेंटीमीटर येतो कुठून, तर लहरीतून. जीपीएसच्या पहिल्या वारंवारतेची लहर साधारण १९ सेंटीमीटर लांब. लहरीचा कितवा भाग आत्ता पोचला हे यंत्र मिलिमीटरांत सांगतं, पण उपग्रहापासून इथपर्यंत पूर्ण लहरी किती, तो आकडा त्याला माहीत नसतो. तो पूर्णांक शोधून काढला की फिक्स, शोधता आला नाही की फ्लोट. पूर्णांक चुकीचा धरला तरी पडद्यावर फिक्सच लिहून येतं. यंत्र लाजत नाही.

आगराच्या कोपऱ्यात गडग्याचं एक टोक रायवळाच्या बुंध्याशी येतं. रोव्हर धरला, दोन मिनिटांनी फिक्स आला, अचूकता बारा मिलिमीटर. पोरगा "घेऊ?" म्हणाला. मी अँटेना खाली करून तळहाताने झाकायला लावली, म्हणजे जुना फिक्स तुटतो आणि यंत्राला सगळं पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं. दुसऱ्यांदा फिक्स आला, अचूकता चौदा मिलिमीटर, आणि बिंदू पहिल्यापासून ६४ सेंटीमीटर लांब. दोन्हींपैकी खरा कुठला? नंतर टोटल स्टेशनने मोजलं तेव्हा कळलं, एकही नाही. फांद्या, ओली पानं, शेजारच्या पडवीचा पत्रा, यांवरून उडून आलेला सिग्नल यंत्र सरळ आला म्हणून मोजतं.

तेव्हापासून माझा नियम, झाडाजवळचा कुठलाही बिंदू अँटेना झाकून, किमान अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा. जमला तर ठेवायचा, नाही तर टोटल स्टेशन.

त्याच आगरात पुतण्याने पडद्यावर उंची उणे चौतीस बघितली आणि दचकला. "काका, आपण समुद्राखाली?" उपग्रहांवरून मिळणारी उंची ज्या गणिती पृष्ठावरून मोजली जाते, ते आपल्याकडे समुद्रसपाटीच्या साठ-सत्तर मीटर वर आहे. या कामात उंची लागत नव्हती, म्हणून तेवढंच सांगून पुढे गेलो. पाण्याच्या लाइनीचं काम असतं तर एक दिवस त्यावरच गेला असता.

शेवटी काय ठरलं

सड्याच्या दक्षिण कडेला, जिथून उतार आणि आगर दोन्ही नजरेत येतं, कातळात ड्रिल मारून दोन लोखंडी खिळे बसवले. एकमेकांपासून १८० मीटर. अण्णांनी त्याभोवती चुन्याचा गोल काढला. दोन्ही खिळ्यांवर सकाळी सातपासून साडेदहापर्यंत स्टॅटिक, एकेक सकाळ, आणि दोन वेगवेगळ्या कॉर्स स्टेशनांवरून सोडवून दोन्ही उत्तरं ताडली. दीड सेंटीमीटरच्या आत जुळली.

१८० मीटर का? कारण टोटल स्टेशन याच दोन खिळ्यांवरून दिशा घेणार होतं. समजा दोन्ही खुणा घाईत रोव्हरने घेतल्या, प्रत्येकी दीड सेंटीमीटर कच्च्या, आणि त्या साठ मीटरवर आहेत. मग दिशेतच कोनाच्या सव्वा मिनिटाची चूक बसते, आणि दोनशे मीटर खाली आगरात पोचेपर्यंत तिची सात सेंटीमीटर होते. लांब पाठ, छोटी पुढची नजर, हे आमच्या जुन्या लोकांचं सांगणं सॅटेलाइट आले म्हणून बदलत नाही.

बेस पहिल्या खिळ्यावर. सड्याचा गडगा, वळणं, खाणीकडचे कोपरे, काजूतल्या मोकळ्या जागा, हे सगळं रोव्हरने, सकाळी सात ते अकरा. दुपारी टोटल स्टेशन, कारण त्याला आयनोस्फिअरशी घेणंदेणं नाही, फक्त तापलेल्या कातळावरची हवा थरथरते तेवढं सांभाळायचं. मधूनमधून सड्यावर कॉर्सवरून तपासणी, म्हणजे सरकारी रोव्हर उद्या काय वाचेल त्याची रंगीत तालीम. नुसत्या कॉर्सवर सड्याचं काम दीड दिवसात झालं असतं. सगळं मिळून मला चार दिवस लागले. पुतण्याने विचारलंच, "एवढं करायची गरज होती?" आगर नसतं तर नव्हती.

तिसऱ्या दिवशी एक घोळ मीच केला. बेस सुरू करताना खिळ्याचे आकडे निवडायच्या जागी "इथलीच जागा घ्या" हे बटण दाबलं. बेसने स्वतःच अंदाजाने आपली जागा ठरवली आणि रोव्हर त्यावर निमूटपणे सेंटीमीटरचा फिक्स देत राहिला. चाळीस बिंदू घेतले, सगळे एकमेकांशी चोख जुळलेले आणि सगळेच्या सगळे २.१ मीटर पूर्वेला सरकलेले. पकडलं ते दिवस संपवताना, दुसऱ्या खिळ्यावर रोव्हर ठेवल्यावर. हा तपास मी सकाळी सुरुवातीलाही करतो, त्या दिवशी चहा आला आणि राहिला. सगळे बिंदू तेवढेच मागे सरकवले, पाच पुन्हा मोजून पाहिले, बसले.

आणखी एक फरक मात्र घोळ नव्हता, पण पहिल्यांदा बघणाऱ्याची झोप उडवेल असा होता. स्टॅटिकची तीच फाइल मी कॅनडा सरकारच्या मोफत पीपीपी सेवेला पाठवली. ही सेवा जवळच्या स्टेशनावर अवलंबून नाही, उपग्रहांच्या नेमक्या कक्षा आणि घड्याळं घेऊन जगात कुठेही उत्तर देते. उत्तर आलं, आणि कॉर्सच्या उत्तरापासून जवळजवळ मीटरभर ईशान्येला. दोघंही बरोबर. आपलं भूपृष्ठ वर्षाला पाचेक सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतं. कॉर्सचे आकडे २००५ सालच्या स्थितीला बांधलेले, पीपीपीचे त्या दिवसाचे. एकोणीस वर्षांची चाल म्हणजे तो मीटर. कातळ, गडगा, खिळा, अण्णांचं घर, सगळं मिळून सरकलंय, त्यामुळे जमिनीवर कुणाचं काही गेलं नाही. पण मी पीपीपीचे आकडे नकाशावर छापले असते, तर सरकारी रोव्हर माझ्या खुणेच्या मीटरभर बाजूला उभा राहिला असता आणि तिथे माझी बाजू कुणी ऐकली नसती. मोकळ्या माळावर, कॉर्सशिवाय, परदेशी कामाला पीपीपी छान आहे. इथे तो फक्त ताळा.

नकाशावर जाळीचं अंतर, म्हणजे सपाट नकाशाच्या आकड्यांवरून निघणारं, आणि जमिनीवरचं अंतर यातला फरकही लिहून दिला. राजापूरला तो किलोमीटरमागे दहा सेंटीमीटर, म्हणजे ४३० मीटरच्या गडग्याला चार. टेप धरून कुणी ताडायला गेला तर वाद नको, एवढ्यासाठी. पंढरपूरकडे हाच फरक किलोमीटरला चाळीस सेंटीमीटरच्या पुढे जातो आणि तिथे तो विसरलेला सर्व्हेअर मी पाहिला आहे.

गडगा आणि टिपण

गडग्याच्या आतलं सड्याचं क्षेत्र ४ हेक्टर ५६ आर भरलं. सातबाऱ्यापेक्षा चार आर जास्त. घरातल्या सगळ्यांना आनंद झाला, मला नाही. टिपणातली अंतरं मीटरमध्ये करून बसवली, तर तीन कोपरे हातभराच्या आत येत होते आणि चौथा, नैऋत्येचा, उताराच्या तोंडाशी, गडग्याच्या दीड मीटर आत पडत होता. हातभर फरक आण्यांच्या मोजणीत चालतो. दीड मीटर म्हणजे अडीच आणे, एवढा मोठा फरक फक्त मोजणाऱ्याचा नसावा. मी तसं लिहून दिलं, नकाशावर गडगा ठळक रेषेत आणि टिपण तुटक रेषेत.

अण्णा म्हणाले, "गडगा माझ्या आज्याने घातलाय. तुझ्या सॅटेलाइटला काय माहीत?"

म्हटलं, "अण्णा, सॅटेलाइटला फक्त गडगा कुठे आहे ते माहीत आहे. तो कुठे असायला हवा होता, ते त्याला कुणी सांगितलेलं नाही."

त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही, पण शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी आतलं वाटप तिघांनी मान्य केलं. सड्याचे तीन पट्टे, प्रत्येकाला रस्त्याचं तोंड, आगर सामाईक. डोंबिवलीच्या पुतण्याचा पट्टा ठरलेल्या क्षेत्राएवढाच भरला. ॲप त्याने माझ्यासमोर काढून टाकलं.

मे महिन्यात पोटहिस्सा मोजणी झाली. मी प्रेक्षक म्हणून गेलो. भूकरमापकाने कॉर्सवर रोव्हर लावला, अण्णांनी आग्रहाने त्याला आधी चुन्याच्या गोलांकडे नेलं. पहिला खिळा माझ्या आकड्यापासून दोन सेंटीमीटर, दुसरा तीन. सकाळची वेळ होती. मग त्याने टिपण काढलं, शेजाऱ्यासमोर नैऋत्येचा कोपरा बसवला आणि खूण गडग्याच्या १.४ मीटर आत घातली. ती सुरुवातीला १.४ मीटर रुंद पट्टी ४३० मीटरवर निमुळती होत दुसऱ्या कोपऱ्यात शून्य होते, म्हणजे तीन आर. जास्त भरलेल्या चारपैकी तीन तिथे होते.

त्या पट्टीच्या रुंद टोकाला अण्णांच्या काजूची दोन झाडं आहेत. शेजारी काही बोलला नाही, नुसता झाडांकडे बघत राहिला. अण्णांनी भूकरमापकाला कोकम दिलं, शेजाऱ्यालाही दिलं आणि म्हणाले, "या सालच्या बिया उतरवून झाल्या. पुढल्या शिमग्याला बघू."